कोरड्या केसांवर पक्कं सील

तीर्थरूप आत्यांना,

तुमच्या थोरल्या भाचीचा वाकून नमस्कार. पत्र पाहून दचकू नका. इकडे कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न ठरलेलं नाही आणि कोणी घर सोडून गेलेलं नाही. तुमचा डावा गुडघा कसा आहे? दिवसभर उभं राहून लोकांचे केस कापायचे आणि संध्याकाळी पुन्हा तोच तीन मजली जिना चढायचा, हे मला पटत नाही. पण मला काय काय पटत नाही याची यादी तुम्ही गेल्या वर्षी पुरेशी ऐकलेली आहे, म्हणून पुढे जाते. पार्लरमधली खुर्ची अजून गिऱ्हाईक बसलं की हळूहळू खाली जाते का? बाबा म्हणतात, एकदा पाना घेऊन येतो. (गेली चार वर्षं म्हणतात.) आई बरी आहे आणि तुमची आठवण काढते.

समोर असताना मी तुम्हाला 'अगं आत्या' म्हणते, हे मला माहीत आहे. पण हे पत्र गंभीर आहे आणि गंभीर पत्रात अगं-तुगं शोभत नाही, म्हणून 'तुम्ही' लिहिते आहे. त्यातून मी रागावले आहे असं वाटलं तर तसं अजिबात नाही. रागवायचा हक्क सध्या तुमच्याकडे आहे. फोनही करता आला असता, पण दोन अडचणी आहेत. एक म्हणजे, गेल्या वर्षीपासून मी फोनवर आले की तुमच्याकडे लगेच गिऱ्हाईक येतं. (आई बोलत असताना कधी येत नाही. हे मी फक्त नोंदवते आहे, तक्रार नाही.) दुसरी म्हणजे, आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, आणि हा विषय एका व्यक्तीच्या कानावर जाता कामा नये.

विषय धाकटीच्या केसांचा आहे.

तिला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर नोकरी लागली आहे. एक तारखेला रुजू व्हायचं आहे. दुकानाचे मालक सज्जन आहेत. मुलाखतीत सगळं विचारून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "बाकी छान आहे, केसांचं तेवढं बघा. गिऱ्हाईक फ्रेम घालून बघतं तेव्हा त्याला आरसा दिसला पाहिजे." तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत त्यानंतर तिचे केस पुष्कळ वाढले आहेत, मात्र खाली नाही, बाजूंना. तुमच्या, बाबांच्या आणि तिच्या डोक्यावर एकच पीक आहे: घट्ट, स्प्रिंगसारखं, ओढलं तर खांद्याखाली येणारं आणि सोडलं की कानापाशी परत जाणारं. बाबा ते दर पंधरा दिवसांनी कापून टाकतात, तुम्ही अंबाड्यात कोंडता, आणि धाकटीकडे दोन्हींपैकी कशाचाच धीर नाही. मला मात्र आईचे केस मिळाले. सरळ, गुळगुळीत, पिन लावली तर चालता चालता पडते. हे इथेच सांगून टाकते, कारण पुढे हा मुद्दा माझ्याविरुद्ध वापरला गेला.

मुलाखतीहून ती घरी आली ती कोपऱ्यावरच्या पार्लरमध्ये वेळ ठरवूनच. एक तारखेच्या आधीचा रविवार, सकाळी अकरा. केस औषध लावून सरळ करायचे, कायमचे. तिने हे चप्पल काढता काढता सांगितलं, जणू दूध संपलंय असं सांगावं. आई म्हणाली, "बघ बाई, तुझं डोकं." बाबा म्हणाले, "बरं होईल, मोरीत केस अडकणार नाहीत." आणि आत्या, मला मात्र तुमच्या कपाळाच्या वरची ती जागा आठवली, जिच्यावर तुम्ही भांग वळवून घेता. मी आठ वर्षांची असताना तुमची वेणी घालायचा हट्ट धरला होता, तेव्हा माझं बोट तिथे लागलं. तुम्ही सगळ्यांना सांगता तसं आधी मलाही सांगितलंत की जिन्यावरून पडले होते. मग का कोण जाणे, खरं सांगितलंत. एकोणीस वर्षांच्या होता. औषध लावल्यावर आग व्हायला लागली, पण लावणारी म्हणाली की आग होते म्हणजे काम करतंय, म्हणून तुम्ही बसून राहिलात. उठलात तेव्हा तिथली कातडी सोलली होती. नंतर केस आले ते बाकी सगळीकडे. तुम्ही मला म्हणालात, कोणाला सांगू नकोस, आणि मी कोणाला सांगितलेलं नाही. आजची औषधं तेव्हाच्यासारखी नसतील, नीट लावणारेही असतील, हे मला समजतं. पण कोपऱ्यावरच्या पार्लरवालीकडे मी चौकशीला गेले तेव्हा तीही म्हणाली, "थोडं झोंबतं, पण झोंबल्याशिवाय सरळ होतात का?"

म्हणून मी शब्द दिला. मी म्हणाले, मला चाळीस दिवस दे, मी तुझे केस विज्ञानाच्या मदतीने मऊ आणि आटोक्यात आणून दाखवते. नाही जमलं तर एक अक्षर न बोलता तुझ्याबरोबर पार्लरमध्ये येईन आणि तुझा हात धरून बसेन. हे सगळं मी वहीत रीतसर लिहिलं. धाकटीने सही केली. बाबांनी साक्षीदार म्हणून केली, न वाचता, कारण ते जेवत होते. तुम्हाला ठाऊकच आहे, मी या घरातली पहिली पदवीधर, आणि तीही रसायनशास्त्राची. बाबांनी माझं प्रमाणपत्र काचेत बसवून चारही बाजूंनी स्वतःच्या हाताने सिलिकॉन भरलं आहे, जसं ते लोकांच्या बेसिनना आणि खिडक्यांना भरतात. ते आता पाण्याखाली ठेवलं तरी भिजणार नाही. (बाहेरही काढता येत नाही. त्यामुळे नोकरीच्या मुलाखतीला मी अख्खी चौकट बगलेत घेऊन जाते.) ज्या घरात एका कागदाची एवढी राखण होते, त्या घराला त्या कागदाचा काही उपयोग व्हावा, एवढीच माझी इच्छा होती.

इथे मला गेल्या वर्षीचा विषय काढावा लागेल. परीक्षा संपल्यावर मी तुमच्याकडे आले होते, आणि तुमच्या फळीवरच्या निळ्या बाटलीचं लेबल वाचून, दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना, सिलिकॉनवर वीस मिनिटं बोलले होते. हे एक प्रकारचं प्लास्टिक आहे, केसांचा श्वास कोंडतो, वगैरे. (केस श्वास घेत नाहीत. मेलेले असतात. हे मला तेव्हाही माहीत होतं, पण बोलण्याच्या ओघात राहून गेलं.) मग मी ती बाटली तुमच्या बेसिनमध्ये ओतली. तुम्ही हातातली कात्री पुसत राहिलात. पुढे आठ दिवस तिथे सगळ्यांचे पाय घसरत होते, असं आईकडून कळलं. त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. ही क्षमा मी पत्राच्या मध्यावर मागते आहे, कारण सुरुवातीला मागितली असती तर तुम्ही तेवढं वाचून पत्र ठेवून दिलं असतं.

तर पहिले बारा दिवस मी माझ्या तत्त्वाप्रमाणे वागले. सिलिकॉन नाही, काही नाही, केवळ पाणी आणि सदिच्छा. दर दोन तासांनी मी फवाऱ्याने धाकटीच्या डोक्यावर पाणी मारत होते. ओले असेपर्यंत केस सुंदर दिसत, एकेक वळण मोजून घ्यावं असं. अर्ध्या तासात पाणी उडून जाई आणि पुन्हा कापूस पिंजल्यासारखं होई, किंबहुना आधीपेक्षा जास्त. मी वहीत तक्ता आखला होता. मऊपणाला दहापैकी गुण द्यायचे, देणार तिघं. धाकटीने पहिल्या दिवशी उणे तीन दिले. उणे देता येत नाहीत म्हटल्यावर तिने शून्य दिलं आणि तेच पुढे चालू ठेवलं. बाबा प्रत्येक वेळी "चांगलं आहे" असं लिहीत. आई रोज चार देई. तिच्या मते चार हा चांगला आकडा आहे, त्याने कोणाचं मन दुखत नाही. एकदा मी गळलेले केस गोळा करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचं वजन करत होते, ओले किती आणि कोरडे किती हे बघायला. दोन्ही वेळा काटा शून्य दाखवत होता. आईने तो काटा धुऊन वरच्या फळीवर, माझा हात पोचणार नाही तिथे, ठेवून दिला.

मग मी नीट वाचायला बसले, आणि जसजशी वाचत गेले तसतशी तुमची निळी बाटली मला दिसायला लागली. केसावर खवले असतात, कौलांसारखे एकावर एक. सरळ केसावर ते चपटे बसतात. केस जिथे वळतो तिथे ते किंचित उचलले जातात, आणि धाकटीचा एकेक केस पंधरा ठिकाणी वळतो. म्हणजे पाण्याला निघून जायला पंधरा दारं. शिवाय डोक्याच्या कातडीचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत ओघळत येतं (माझ्या येतं, दुपारपर्यंत), पण वळणांच्या वाटेने ते पोचतच नाही. सिलिकॉन करतं एवढंच की त्या सगळ्या दारांवरून एक पातळ, घसरडा पापुद्रा पसरतं. त्याने पाणी उडायचा वेग कमी होतो आणि केसात केस अडकत नाही. तुम्ही तीस वर्षं हेच करत होता, कुठलाही तक्ता न आखता. मी त्याच दिवशी बाजारात गेले आणि लेबल वाचून केसांच्या सिलिकॉनची बाटली घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? मी म्हणाले, बहिणीसाठी. त्याने माझ्या केसांकडे बघून "बरं" म्हटलं.

आता खरी चूक. ती दुसऱ्या कोणाच्या घरात झाली नसती. बाटली योग्य होती. पण वापरायची कशी, याबद्दल मला वाटलं, ज्या घरात कर्ता माणूस पंचवीस वर्षं सिलिकॉन भरतो आहे, तिथे पुस्तकात काय शोधायचं? मी बाबांना विचारलं, "बाबा, सिलिकॉन लावायच्या आधी काय करायचं असतं?"

"कुठे लावायचंय?"

"समजा, कुठेही."

"कुठेही असं नसतं गं. बेसिन, खिडकी, का टब?"

"केसांना."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि फार जबाबदारीने विचारलं, "पांढरं का पारदर्शक?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. वेगळं सिलिकॉन, केसांचं, काम मात्र तेच, पाणी अडवायचं. त्यांना ते फार आवडलं. माझ्या शिक्षणातलं काही त्यांना पहिल्यांदाच पूर्ण समजलं होतं, आणि त्यांचा चेहरा बघून मीही हरखले. त्यांनी मला एकच नियम सांगितला. जागा ठणठणीत कोरडी पाहिजे. ओल राहिली की सील धरत नाही. पंचवीस वर्षांत त्यांचं एकही काम उखडलं नाही, ते याच नियमावर. मी तो वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धाकटीचे केस धुतले, पंख्याखाली वाळवले, मग पंचवीस मिनिटं गरम हवेच्या यंत्राने सुकवले, मग बाबा काचेच्या कडेला लावून बघतात तसा कोरडा कागद ठिकठिकाणी दाबून बघितला. कागदावर एकही डाग नव्हता. बाबांनी तिच्या कपाळावर आणि कानांमागे कागदी चिकटपट्टी लावून दिली, म्हणजे माल हद्दीबाहेर जात नाही. मी बट बट वेगळी करून अर्धी बाटली लावली. कड स्वच्छ यावी म्हणून बाबांनी शेवटी साबणाच्या पाण्यात अंगठा बुडवून केसांच्या रेषेवरून एकदा फिरवला. आई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, मुलगी आहे का मोरी?"

दुपारपर्यंत केस असे चमकत होते की धाकटीने स्वतःहून सहा गुण दिले. संध्याकाळी ते हाताला बाहेरून रेशमासारखे आणि आतून वाळक्या गवतासारखे लागायला लागले, चुरगाळले तर कुरकुर असा आवाज येई. मी म्हटलं, उद्या पाणी लावू. दुसऱ्या दिवशी सकाळी लावलं तर ते केसांवर थांबेना. थेंब थेंब होऊन खाली घसरत होतं. बाबा कामावर निघाले होते, ते परत वळले. त्यांनी तांब्याभर पाणी हळूहळू तिच्या डोक्यावर ओतलं, वाकून बघितलं, बोटाने तपासलं, आणि म्हणाले, "एक थेंब आत नाही. बघ, एक थेंब! दहा वर्षं हलणार नाही हे काम." त्यांना खरंच आनंद झाला होता, आत्या. माझ्या हातून त्यांच्या धंद्यातलं पहिलं पक्कं काम झालं होतं.

धाकटी मोरीत तशीच बसून होती. मग तिने जे बोलायला सुरुवात केली ते मी इथे सगळं लिहीत नाही. थोडं लिहिते. ती म्हणाली, "ताई, तू माझ्या डोक्यात दुष्काळ कोंडून वरून टाळं लावलंस." मी म्हणाले, प्रयोगात चुका होतात. ती म्हणाली, "प्रयोग तुझा, टाळकं माझं. तुझे केस सरळ आहेत. तुझं काय जातंय?" मी म्हणाले, अगं, मी तुझ्या भल्यासाठीच करते आहे. त्यावर ती म्हणाली, "कर. तुझं झालं भलं की मला सांग, म्हणजे मी उठते." आणि मग अगदी हळू, "लहानपणापासून सगळे माझ्या केसांकडे बघून काहीतरी करायला हवं असं म्हणतात. तूही त्यांच्यातलीच. फक्त तू वहीत लिहितेस."

त्या वेळी मला तुमच्या कपाळाचं सांगून टाकता आलं असतं. मी जिंकले असते. पण ती गोष्ट माझी नाही, म्हणून मी गप्प बसले.

साध्या शाम्पूने तो थर निघेना. खास धुवायचा, जरा कडक शाम्पू आणावा लागला. तीन वेळा, बट बट करून धुतलं. दुपारी जेवण झाल्यावर बसलो ते उन्हं कलली तेव्हा उठलो, तीन तास. माझ्या बोटांना चिरा पडल्या. धुताना वही एकदाही उघडली नाही.

त्यानंतर विचारांती मी अशा निष्कर्षाला आले की, बाबांचा नियम त्यांच्या कामापुरता बरोबर असला तरी आमच्या कामाला नेमका उलटा लागू होतो. बाबांना पाणी बाहेर ठेवायचं असतं, म्हणून जागा कोरडी हवी. आम्हाला पाणी आत ठेवायचं आहे, म्हणून जागा ओली हवी, चांगली ठिबकणारी. टाकी भरल्यावर झाकण लावतात, रिकामी असताना नाही. सिलिकॉन स्वतः ओलावा देत नाही, असलेला राखतं, आणि नसेल तर नसलेलाही तितक्याच निष्ठेने राखतं. आता पद्धत अशी ठरली आहे: केस धुवायचे, पुसायचे नाहीत, ओल्या केसांना आधी कंडिशनर चोळायचं, आणि पाणी टपकत असतानाच तळहातावर वाटाण्याएवढं सिलिकॉन घेऊन बटांवरून वरून खाली न्यायचं. नंतर बाबांच्या जुन्या सुती सदऱ्याने फक्त दाबून घ्यायचं. एक दिवसाआड पाणी शिंपडून थोडं थोडं, आणि पंधरा दिवसांतून एकदा कडक शाम्पू, म्हणजे थरावर थर चढत नाही. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशीही केस मऊ होते. वळणं मोकळी, एकमेकांत न अडकलेली, आणि डोक्याच्या आकाराला धरून. आईने नऊ दिले. आईने आजवर स्वतःच्या स्वयंपाकालाही नऊ दिलेले नाहीत. बाबांनी "चांगलं आहे" लिहिलं, पण या वेळी आधी हात लावून बघितला. मग बराच वेळ ते आरशासमोर स्वतःच्या बारीक केसांवरून हात फिरवत उभे होते.

असो. इकडचं सर्व क्षेम आहे. तुमच्या फळीवर आता दुसरी बाटली आली असेलच. तिला माझ्यापासून धोका नाही. गुडघ्याला जपा, गरम पाण्याची पिशवी नुसती विकत घेऊन ठेवू नका, लावत जा. लिहिण्यात उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या.

तुमची आज्ञाधारक (यापुढे),
थोरली भाची

ता. क. निळ्या बाटलीचं नाव कळवा. आमची संपत आली आहे, कारण अर्धी पहिल्याच दिवशी गेली. तुम्ही इतकी वर्षं तीच वापरता आहात म्हणजे त्यात काहीतरी असणार.

ता. क. २. 'विचारांती मी अशा निष्कर्षाला आले' असं वर लिहिलं आहे ते खरं नाही. तीन तास धुऊन झाल्यावर मी मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते आणि बाबा पुन्हा एकदा कोरड्या जागेचं महत्त्व सांगत होते. धाकटी डोक्यावरून पाणी गळत असतानाच म्हणाली, "बाबा, टाकी रिकामी असताना झाकण लावतं का कोणी?" आणि उठून तिनेच बाटली घेतली. पद्धतही सगळी तिची आहे. मी मागे बसून बटा वेगळ्या करते, तेवढंच. वहीत मी माझ्या शब्दांत लिहून घेतलं, आणि पत्रातही तसंच उतरलं. पुसून टाकणार होते, पण शाई आहे.

ता. क. ३. आत्या, आता खरं लिहिते. तू मला मदत कर. केस इतके सुंदर झाले तरी तिने रविवारची वेळ रद्द केलेली नाही. विचारलं की "बघू" म्हणते. करारात मऊ आणि आटोक्यात असं लिहिलंय, पण ते कोणी ठरवायचं हे लिहायचं राहिलं. कोपऱ्यावरची पार्लरवाली रोज तिला हात करते. अकरा दिवस उरले आहेत. मी एक अक्षर बोलणार नाही असं कबूल करून बसले आहे, आणि बोलले तरी माझ्या सरळ केसांतून आलेलं तिला का पटावं? तुझं पटेल. तू तिला एक पत्र लिही. जाऊ नकोस असं सांगू नकोस, तिचं डोकं आहे. फक्त तुझ्या वेळी काय झालं ते तुझ्या शब्दांत लिही. तुला ते जमणार नसेल, नको वाटत असेल, तर मला समजेल, मी पुन्हा विचारणार नाही. रविवारी ठरल्याप्रमाणे तिच्याबरोबर जाईन आणि हात धरून बसेन. मी लिहायला सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस.

(यापुढचं माझं, धाकटीचं. आत्या, ताईने हे पत्र पत्ता लिहायला माझ्याकडे दिलं, माझं अक्षर बरं म्हणून. एवढी सीलबंद करण्याची चर्चा, आणि पाकीट उघडंच. मी वाचलं. तुझ्या कपाळाचं मला माहीत नव्हतं, मला जिनाच माहीत होता. तुला लिहावंसं वाटलं तर लिही, नाहीतर मी येईन तेव्हा नुसती शेजारी बसव. पार्लरची वेळ मी केव्हाच रद्द केली आहे, ज्या दिवशी ताई तीन तास माझे केस धूत होती आणि एकदाही काही शिकवलं नाही, त्याच दिवशी. पार्लरवाली हात करते ती नोकरीचे पेढे कधी देतेस म्हणून. पण हे ताईला कळवू नकोस. कॉलेजला गेल्यापासून ती माझ्याजवळ अशी कधी बसलीच नव्हती. आता एक दिवसाआड मागे स्टूल टाकून बसते, एकेक बट वेगळी करते आणि मधेच विसरून काहीबाही गुणगुणते. वेळ रद्द झाली हे कळलं की ती वही मिटेल आणि घरातल्या दुसऱ्या कोणालातरी सुधारायला घेईल. मला अजून अकरा दिवस हवे आहेत.)